मागच्या टायरचा आकडा

"आकडा वाचलास, का सांगितलास?"

दस्तगीर उस्तादांनी विचारलं, तेव्हा हंबीर शेवटचा बोल्ट आवळत होता.

"सांगितला."

"वाचला न्हाईस?"

"उस्ताद, सात वर्षं झाली. माझा आकडा कधी चुकलाय?"

उस्तादांनी बसल्या जागी फडकं झटकलं…

आंबा घाट जिथून खाली उतरायला लागतो, त्याच्या थोडं अलीकडे उस्तादांचं टायरचं दुकान होतं. हंबीर तिथेच शिकला, तिथेच तिशीचा झाला. दुकानाच्या पायरीवर उभं राहून समोरून जाणाऱ्या कुठल्याही गाडीच्या टायरची साईझ तो सांगायचा. चहाच्या टपरीवरचे लोक मुद्दाम गाडी थांबवून, वाकून बघायचे. आकडा तोच निघायचा. मग सगळे हंबीरकडे बघायचे, आणि हंबीर दुसरीकडेच बघायचा.

उस्तादांची रीत निराळी होती. साधी स्कूटर आली तरी ते गुडघे टेकायचे. फडक्याने टायरचा चिखल पुसायचे, चष्मा लावायचे आणि शाळेतल्या मुलासारखा एकेक आकडा मोठ्याने वाचायचे. गिऱ्हाईक हसायचं. हंबीरला लाज वाटायची.

आदल्या दिवशी वालावलकर साहेबांची गाडी आली होती. लाल रंगाची, दोनच माणसांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. इंजिन पाठीमागे, आणि मागची चाकं पुढच्यांपेक्षा कितीतरी रुंद. उजव्या बाजूचं मागचं टायर दगडाला घासून पार फाटलेलं. त्याच्यावरची अक्षरं सोलून निघाली होती.

पुण्याचा दुकानदार फोनवर म्हणाला, "या गाडीला मागे तीन तऱ्हेची टायरं येतात. डाव्या टायरवरचा आकडा नीट बघून सांगा. दोन्ही सारखीच पाहिजेत."

डावं टायर चिखलाने माखलेलं होतं.

हंबीर पायरीवरून उतरलासुद्धा नाही. त्याने गाडीकडे एकदा पाहिलं आणि साहेबांच्या हातातून फोन घेतला.

"तीनशे पाच, तीस, वीस. द्या पाठवून."

टपरीवरच्या लोकांनी माना डोलावल्या.

आज दुपारी टायर आलं. हंबीरने ते चढवलं. साहेबांना संध्याकाळच्या आत रत्नागिरीला पोचायचं होतं, लेकीचा साखरपुडा होता. ते गाडीत बसले. इंजिन गुरगुरलं.

तेव्हा उस्ताद उठले. गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि त्यांनी दार उघडलं.

"साहेब, ह्याला खाली साखरप्यापातूर न्या. नवीन चाक चढवलं की चढवणाऱ्यानं पयला घाट उतरायचा, असा आमच्या दुकानाचा रिवाज हाय."

असा कसलाच रिवाज नव्हता. हंबीरने उस्तादांकडे पाहिलं.

"बस," उस्ताद म्हणाले.

हंबीर हसत हसत बसला. अशा गाडीत बसायला कोणाला नको असतं?

पहिल्या वळणापर्यंत तो हसतच होता.

पहिल्या वळणानंतर धुकं लागलं. गाडी एवढी खाली, की रस्त्याच्या कडेचा कठडा हंबीरच्या कानाशी आला. कठड्यापलीकडे काही नव्हतं. नुसतं पांढरं…

साहेब खुशीत बोलत होते. जावई कसा, व्याही कसे, जेवणात काय काय. हंबीर हं हं करत होता. त्याचे कान मागे लागले होते.

टिक्. टिक्. टिक्.

उजवीकडून. मागून.

"साहेब, काही ऐकू येतंय?"

"इंजिनाचा आवाज आहे हो. हिचा आवाज असाच!"

हंबीरने मनाशी आकडा म्हटला. तीनशे पाच. रोजच्यासारखा तो समोर उभा राहिला नाही. पुन्हा म्हटला. तीनशे पाच… की दोनशे पंच्याण्णव? काल बघितलं तेव्हा ऊन होतं. टायरवर चिखल होता. चिखलाने टायर जाड दिसतं, हे त्यानेच किती जणांना सांगितलं होतं. तीनशे पंचवीस तर नसेल?

मग त्याला एकेक आठवायला लागलं. आठवायला नको होतं तेच आठवायला लागलं. मागचं एक चाक बोटभर मोठं आणि दुसरं लहान असलं, तर सरळ रस्त्यावर कोणाला कळत नाही. उताराला ब्रेक लागतो, वळण येतं, आणि मग गाडी तिच्या मनाने वळते. माणसाच्या नाही.

उतार होता. वळण येत होतं.

पाय आपोआप खाली दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता.

धुक्यातून एकदम ट्रकचं तोंड बाहेर आलं. साहेबांनी ब्रेक मारला, स्टिअरिंग फिरवलं. रस्त्यावर ओला पाला पडला होता. गाडीची मागची बाजू सरकली. वीतभरच, पण सरकली. ट्रक घरघरत निघून गेला.

"जवळून गेला हो!" साहेब म्हणाले. त्यांचा आवाजही जरा बारीक झाला होता.

"थांबवा."

"काय?"

"गाडी थांबवा, साहेब."

"अहो, इथे वळणावर? मागून कोणी येऊन ठोकेल."

"पाया पडतो, थांबवा…"

आपलाच आवाज हंबीरला ओळखू आला नाही. पुढचं वळण. त्याच्या पुढचं. आईचं नाव त्याच्या तोंडात आलं, मग ग्रामदेवीचं, मग कोणाचंच येईना. शेजारी बसलेला माणूस लेकीच्या साखरपुड्याला चालला होता. त्याने काही विचारलं नव्हतं, तपासलं नव्हतं. पायरीवरच्या एका माणसाच्या शब्दावर तो घाट उतरत होता.

रस्ता जरा रुंद झाला तिथे गाडी थांबली.

हंबीर उतरला. तो डाव्या बाजूच्या मागच्या चाकापाशी गेला आणि गुडघ्यावर पडला. चिखल वाळून दगड झाला होता. त्याने नखांनी खरवडला. थुंकी लावली. शर्टाच्या बाहीने पुसला.

"तीन," तो मोठ्याने म्हणाला.

मग थांबला. पुढे बघवेना.

"शून्य… पाच."

त्याने पुन्हा वाचलं. बोट ठेवून वाचलं. तीनशे पाच. तीस. वीस. मग पलीकडे जाऊन नवीन टायरही वाचलं. एकच आकडा. त्या टायरच्या खाचेत एक खडा अडकला होता, त्याचाच आवाज येत होता. हंबीरने तो काढून दरीत भिरकावला. पडल्याचा आवाज आला नाही.

साहेब खाली उतरून बघत उभे होते.

"काय झालं हो? काही बिघाड?"

"काही नाही साहेब. वाचत होतो."

"आता?"

हंबीर गाडीपासून दोन पावलं मागे सरला.

"चला, बसा."

"नको. तुम्ही जा. सावकाश जा साहेब."

लाल गाडी धुक्यात शिरली. आवाज लांब लांब जात राहिला. हंबीर कठड्याला हात न लावता, रस्त्याच्या मधोमध उभा राहून तो ऐकत होता. आवाज पार संपला, तेव्हा तो घाट चढायला लागला.

निम्म्या वाटेवर धुकं विरळ झालं. पायांत जोर आला. आणि मग हळूहळू, छातीतून वर, दुसरंच काहीतरी यायला लागलं.

बरोबर होता. आकडा बरोबर होता! तोही चिखलातून, पायरीवरून, तीनांतला एक!

शेवटची चढण तो जवळजवळ पळतच चढला.

दुकानासमोर एक टेम्पो उभा होता. उस्ताद त्याच्या मागच्या चाकापाशी गुडघे टेकून बसले होते. हातात फडकं, डोळ्यांवर चष्मा.

"उस्ताद, बरोबर निघाला! तीनशे पाच!"

उस्तादांनी मान वर केली नाही.

"उतरून वाचलास?"

"वाचला. दोन्ही बाजूंचा वाचला."

"कुठं?"

"सहाव्या वळणापुढं."

उस्ताद टायर पुसत राहिले…

हंबीरच्या मनात काहीतरी चमकलं.

"तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही वाचला होता!"

"काल तू फोन ठेवलास, तवाच वाचला. वाचून चिखल परत थापला."

"मग मला कशाला पाठवलंत? उस्ताद, मेलो असतो मी भीतीनं! गुडघे बघा माझे."

उस्तादांनी त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं. पँट फाटली होती, रक्त चिखलात मिसळून वाळलं होतं.

टेम्पोवाला घाई करत होता. हंबीरने बाही सावरली, भिंतीवरचा पाना काढला आणि आकडा न वाचताच चाकाकडे वळला.

"आता हाय का भीती?" उस्तादांनी विचारलं.

हंबीर हसला.

"छे! गेली कधीच."

उस्तादांनी चष्मा काढला. तो पुसला. पुन्हा लावला…

"मग पाना खाली ठेव."