इंजिनाकडे पाठ

"मग आनंद कसला रे वाटतो तुला गाडीत?" नूरशा फकिरानं विचारलं.

गुणवंताला हसूच आलं. घरदार सोडल्यापासून तो नुसता गाड्यांतून हिंडत होता, या जत्रेहून त्या उरुसाला. आणि एवढ्या पोचलेल्या बाबाला हे विचारावं लागावं?

"बाबा, खिडकीशी बसायचं अन् तोंड इंजिनाकडे करायचं. समोरून नवं गाव येतं, नवी नदी येते, नवी माणसं चढतात. हसायचं, बोलायचं, ती उतरली की संपलं. मागचं काही डोळ्यांपुढे राहतच नाही. घरात बसून मिळतं का हे सुख?"

"नाही मिळत."

"मग? माया सुटली माझी. आज मला कफनी द्या. शिष्य करून घ्या."

फकिरानं मांडीवरची झोळी चाचपली. आतली हिरवी कफनी जराशी बाहेर डोकावत होती. गुणवंताची नजर सकाळपासून तिच्यावरच.

"पुढचं गाव कुठलं?"

"जांभूळखेडा..." गुणवंता अडखळला. "माझंच."

"कोणी भेटायला येतं?"

"बायको येते. दर अवसेला मी या गाडीनं जातो, ठाऊक आहे तिला. भाकरी घेऊन उभी राहते. पण बाबा, मी त्यातला घासही खात नाही. वाटून टाकतो. एवढा सुटलोय मी!"



गाडी थांबते न थांबते तोच कौतिका खिडकीखाली हजर. धापा टाकत तिनं फडक्यात बांधलेली भाकरी वर केली.

"किती वाळलात हो!"

"बराय मी."

"गाडी सुटली की लगेच खा. उशीर लावू नका."

"हं."

"लगेच हं!"

"अगं, हो म्हटलं ना! किती वेळा सांगशील?"

शिट्टी झाली. गाडी हलली. गुणवंतानं तोंड इंजिनाकडे वळवलं आणि भाकरी शेजारच्या कासाराच्या हातात ठेवली.

"घ्या मामा. सगळ्यांना द्या. ठेचा झणझणीत असतो तिचा."

"महाराज, असा ठेचा वाटणारी मला मिळती, तर मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला नसता," कासार म्हणाला. बाकावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. भाकरीचे तुकडे हातोहात गेले.

"ऊठ," फकीर म्हणाला. "माझ्या जागी ये."

"तिकडं? इंजिनाकडे पाठ करून बसलं की मला गरगरतं, बाबा."

"कफनी हवी ना?"

गुणवंता उठला, समोरच्या बाकावर बसला.

गाव सोडताना तिथं रूळ मोठं वळण घेतात. गाडी गोगलगायीसारखी चालते. फलाट किती तरी वेळ दिसत राहतो.

कौतिका घरी गेली नव्हती.

गावाच्या नावाच्या पाटीखाली तिनं बसकण मारली होती. ओच्यातून तिनं दुसरं फडकं काढलं, मांडीवर सोडलं. गाडीकडे पाहिलं, भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला. जेवताना समोरच्या माणसाकडे बघावं, तशी ती गाडीकडे बघत होती. सावकाश चावत होती. मग थांबली... जणू समोरच्याचाही घास संपू दे. मग दुसरा मोडला.

गुणवंता गर्रकन कासाराकडे वळला. कासार बोटं चाटत होता.





"बाबा, ही दर वेळी...?"

फकीर खिडकीबाहेर बघत राहिला.

वळण सरलं. पाटी झाडाआड गेली. गुणवंता तटकन उठला, साखळीकडे हात नेला. फकिरानं त्याचं मनगट धरलं, खाली बसवलं. झोळीतून कफनी काढली, झटकली आणि त्याच्या मांडीवर टाकली.

"आता नको, बाबा... मला उतरू द्या."

"पुढचं स्टेशन लांब आहे," फकीर म्हणाला. "तोवर घालून बस."