लिंपणाचा खांब

गावात शिरताना डाव्या हाताला सोयाबीनचे सपाट रान लागते. त्या रानाच्या मधोमध मातीचा एक खांब उभा आहे. उंचीला पुरुषभर, आणि घेर असा की दोन माणसांनी हातात हात धरले तरी कवेत यायचा नाही. वर अलीकडे घातलेले पत्र्याचे छप्पर, पायथ्याशी तोंडाला तोंड लावून ठेवलेली दोन मडकी. शेंदूर नाही, घंटा नाही, नारळ नाही. तरी नवखा माणूस पायातले काढतो, आणि आम्ही त्याला काही बोलत नाही. तुम्ही पुरातत्त्व शिकणारी मुले, तुम्ही आधी मोजपट्टी काढलीत. तेही ठीक. आता बसा त्या बांधावर, म्हणजे हा खांब इथे कसा आला ते सांगतो.

आमच्याकडे पिकाच्या जमिनीला काळी म्हणतात आणि जुन्या वस्तीच्या जागेला पांढरी. हे सपाट रान पूर्वी पांढरीची टेकडी होते. पाऊस झाला की तिच्या अंगातून खापरे आणि मणी वर यायचे. खापरे घेऊन मुली ठिकरी खेळायच्या, मणी शेळ्यांच्या गळ्यात जायचे. इथे कोण राहत होते आणि केव्हा, याची गावाला काही पडलेली नव्हती. धाब्याच्या घरावर घालायला पांढरी माती चांगली, एवढे सगळ्यांना ठाऊक होते.

मग खापरबाई आली. तिचे खरे नाव प्रमिला वर्तक. ही माझ्या जन्माआधीची गोष्ट आहे, त्यामुळे मी ऐकलेलीच सांगतो. असे सांगतात की ती पुरुषासारखी टोपी घालायची आणि दगड की हाड असा संशय आला की तुकडा जिभेला लावून पाहायची. हाड जिभेला चिकटते, दगड चिकटत नाही. गावाने ते पाहिले आणि लोक बाई माती खाते म्हणून सांगत सुटले. तिने टेकडीवर तंबू ठोकले, दोऱ्या बांधून चौकोन आखले आणि गावातल्याच बायामाणसांना खणायच्या कामावर घेतले. त्यांत धुरपदा होती.

धुरपदा तेव्हा नवी सून. तिचे पहिले लेकरू आदल्या साली गेले होते. त्याला नदीकाठी पुरून घरची माणसे मोकळी झाली होती, ती मोकळी झाली नव्हती. खणता खणता एके दिवशी तिच्याच खुरप्याला एका घराची चोपलेली जमीन लागली आणि त्या जमिनीखाली दोन मडकी, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. बाईने ब्रशाने माती झाडत झाडत ती उघडी केली. आत मुठीएवढी हाडे होती. त्या काळी मेलेले लेकरू असे मडक्यांत घालून घरातच पुरत, बाईने सांगितले, आणि हे तीन हजार वर्षांपूर्वीचे आहे.

म्हणे त्या दिवशी धुरपदा जेवली नाही. संध्याकाळी ती बाईच्या तंबूशी जाऊन बसली आणि तिने विचारले, “लेकरू घरातल्या जमिनीत ठिवलं, म्हंजी जवळच ठिवलं की. मंग माय त्याला सोडून गेली कशी?”

बाईलाही तेच कोडे पडले होते. चुलीत राख तशीच, पाटा-वरवंटा जागच्या जागी, आणि माणसे मात्र एका वेळी सगळी उठून गेलेली. तिने धुरपदेला खड्ड्याच्या भिंतीतले पट्टे दाखवले. हा काळा म्हणजे जळालेले, हा पिवळा म्हणजे नदीचा गाळ, आणि अगदी वरचा बोटभर भुरा पट्टा म्हणजे लोक गेले ते साल. ती माय का गेली हे त्या भुऱ्या पट्ट्यात आहे, बाई म्हणाली, पण ते वाचायची विद्या आज माझ्याकडे नाही. पुढे येईल. म्हणून तिने त्या घराच्या कोपऱ्याशी मातीचा एक खांब न खणता तसाच सोडला. खणणारे असा भाग मुद्दाम राखून ठेवतात, पुढच्या शहाण्यांसाठी. तुम्हांला हे शिकवलेच असेल.

हंगाम संपला. पेट्या भरल्या, मडक्यांतले लेकरूही पेटीत गेले. निघताना बाईने धुरपदेला जवळ बोलावले. “मी परत येईन. तोवर या खांबाला कुणाला हात लावू देऊ नकोस. पावसापासून जप.” धुरपदेने खांबाच्या बुडाची चिमूटभर माती कपाळाला लावली आणि शब्द दिला. एवढेच बोलणे झाले म्हणतात. आमची सगळी आख्यायिका या दोन बायांच्या एवढ्या बोलण्यावर उभी आहे.

बाई परत आली नाही. त्याबद्दल गावात पुष्कळ ऐकायला मिळेल. कुणी म्हणे परदेशी गेली, कुणी म्हणे लेकराची हाडे उचलली म्हणून तिला बाधा झाली. बाधा वगैरे काही नव्हते. पुढे एक माणूस आला होता, तिच्या हाताखाली फोटो काढणारा, त्याने सांगितले ते मला खरे वाटते. तिची नोकरी सालागणिक होती आणि एका साली ती पुढे वाढवली नाही. अहवाल वरच्या साहेबांनी लिहायचा, असे ठरले. साहेबांनी तो आज-उद्या करीत निवृत्तीपर्यंत नेला आणि मग तेही गेले. पेट्या कुठल्याशा गोदामात होत्या. छत गळले, ओल आली, चिठ्ठ्या कुजल्या. चिठ्ठी गेली की खापर कुठले आणि हाड कुणाचे हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणजे ते लेकरू आता आहे, पण कुठे आहे ते कुणाला माहीत नाही. बाईने दुसरीकडे शिकवण्या करून दिवस काढले आणि ती वारली. मला या गोष्टीचा राग येतो. कुणावर काढावा ते मात्र कळत नाही.

धुरपदेला यातले काही ठाऊक नव्हते. पुढच्याच पावसाळ्यात उघडी माती वितळायला लागली. तेव्हा तिने तेच केले, जे घरच्या भिंतीला करायची. शेण, पांढरी माती आणि गव्हाचा भुसा एकत्र मळून खांबाला चांगले बोटभर लिंपण दिले. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी पाण्याची मडकी भरतात, त्याच दिवशी ती लिंपण करू लागली आणि पायथ्याशी दोन मडकी ठेवू लागली, जशी सापडली होती तशी. हळूहळू इतर बायाही यायला लागल्या. धुरपदेचा नवरा साखर कारखान्यात कामाला लागला आणि तिला न्यायला आला, तेव्हा ती म्हणाली, “बाई येऊन गेल्या की येते.” नवरा दोनदा आला आणि मग यायचा थांबला. त्याने तिकडे दुसरे घर केले.

मग विटभट्ट्यांचे दिवस आले. टेकडीची माती ट्रॅक्टरने गेली, नंतर यंत्र आले आणि उरलेली रस्त्याच्या भरावाला गेली. तीन हजार वर्षांची वस्ती सहा महिन्यांत संपली. असे सांगतात की यंत्राचा दात खांबाकडे वळला आणि यंत्र जागीच बंद पडले. मी तिथे होतो. यंत्र बंद पडले नाही, चालकाने ते बंद केले, कारण धुरपदा खांबाला पाठ टेकून बसली होती आणि उठत नव्हती. चालकाला वाटले इथे देव आहे. तिने नाही म्हटले नाही आणि हो पण म्हटले नाही.

शेवटी ती वाचायची विद्या आली. धुरपदेला तोवर डोळ्यांनी कमी दिसू लागले होते. डॉक्टर मुजावर म्हणून एक तरुण माणूस, मातीचे पापुद्रे काढून भिंगाच्या यंत्राखाली पाहणारा. खापरबाईच्या एका जुन्या लेखात त्याने या खांबाचा उल्लेख वाचला होता. खांब अजून उभा आहे हे पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आले. खरेच आले, मी पाहिले. अशी उभी साक्ष त्याला दुसरीकडे कुठे मिळाली नव्हती, म्हणाला. धुरपदेने त्या दिवशी नवे लुगडे नेसले आणि ती खांबाजवळ घोंगडीवर येऊन बसली. सगळा गाव भोवती.

त्याने खांबाच्या एका बाजूला काप घेतला. आधी लिंपणाचे थर निघाले, एकावर एक, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. मग आतली माती लागली. त्याने दुसऱ्या बाजूने काप घेतला, मग वरून. आत वाळवीची घरे होती. भुशाच्या ओढीने वाळवी लिंपणात शिरली होती, तिथून खांबात गेली आणि वर्षानुवर्षे वरची माती खाली, खालची वर करत राहिली होती. शेणाचे पाणी मुरले होते ते वेगळेच. काळा, पिवळा, भुरा, एकही पट्टा उरला नव्हता.

“आजी,” तो तिच्यापुढे उकिडवा बसून म्हणाला, “यात वाचण्यासारखं काही राहिलं नाही.”

“लिंपनानं व्हय?”

तो खोटे बोलू शकला असता. “हो,” म्हणाला.

“मंग न लिंपता ठिवायचा व्हता?”

“नाही. उघडा ठेवला असता तर चार पावसांत वाहून गेला असता.”

धुरपदेने काप हाताने चाचपून पाहिला. मग म्हणाली, “म्हंजी ती माय कामून गेली, ते आता कळायचं न्हाई.”

“नाही कळायचं, आजी. टेकडी असती तर दुसरीकडून शोधलं असतं.”

कुणी रडले नाही. आपल्या हातून काय झाले हे बायांना उमगायला थोडा वेळ लागला, आणि उमगल्यावर त्या एकमेकींकडे बघेनात. डॉक्टर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपदा चाचपडत इथे आली आणि तिने डॉक्टरांनी घेतलेले काप मातीने बुजवले. भुसा न घालता.

त्याच उन्हाळ्यात नदीतल्या विहिरी आटल्या, कारण वाळू कधीच उचलून झाली होती. पहिले घर गाव सोडून निघाले तेव्हा धुरपदेने त्यांचा टेम्पो थांबवला. म्हणाली, “ती माय न सांगता गेली. तुमी तरी या खांबाला सांगून जा.” त्यांच्याच घरातली ओंजळभर माती तिने त्यांच्याकडून खांबाला लावून घेतली. पुढे ती वारली, आणि रीत मागे राहिली.

आजही आखितीला खांबाचे लिंपण होते. यंदा तिघी आल्या होत्या. आणि आजही गाव सोडणारा माणूस घराला कुलूप लावण्याआधी आपल्या जमिनीची माती कालवून इथे आणतो, खांबाला लावतो आणि का चाललो ते त्याला सांगतो. पाणी नाही, मुलाची शाळा, सोयरीक जुळत नाही, जे असेल ते. ज्यांच्या घरी फरशी आहे ते उंबऱ्याखालची माती खरवडून आणतात. खांब एवढा जाड झाला आहे तो यामुळे. यातून पुढे कुणाला काही वाचता येणार नाही, हे आम्हांला डॉक्टरांनी सांगितलेले आहे, आणि तरी लोक सांगून जातात. वाऱ्याचा पाऊस आला की छपराखालीही झड येते, सगळ्या घरांची माती एक होते, आणि त्यातली आपली कोणती हे लावणाऱ्यालाही मग ओळखता येत नाही.