पंगतीतलं दुसरं पान

हैबतराव जहागीरदारांकडे एवढा पैसा येतो कुठून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या पंगतीतून पाहुणा उपाशी उठत नाही, ही ख्याती सर्वदूर होती.

घाटात दरोडेखोरांनी सुभानाला पळवून खंडणी मागितली, तेव्हा त्याचा मित्र भिवजी कासार जहागीरदारांकडे मदत मागायला आला. दारात त्याचा आवाज ऐकताच पागेतलं एक तट्टू खिंकाळलं. ते सुभानाचं होतं! भिवजी काय ते समजला.

"आधी जेवा. पाहुण्यानं घास घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी जेवत नाही," मिशीला पीळ देत हैबतराव म्हणाले.

भरल्या पंगतीत भिवजीनं हात जोडले. "सरकार, उपकार कसे फेडू? मी मागण्याआधीच तुम्ही सुभानाला सोडवून आणलंत! त्याचं तट्टू पागेत दाणा खातंय, मग धनी उपाशी का? त्याचंही पान मांडा, मग मी घास घेतो."

सगळे हात आवरून हैबतरावांकडे बघू लागले. भातावरचं तूप थिजलं. शेवटी हैबतराव पुटपुटले, "पान मांडा."

जेवून दोघे मित्र निघाले, तेव्हा हैबतरावांनी भिवजीला दातओठ खात विचारलं, "चोर ठरवतोस मला?"

"छे छे, सरकार! मी तर आभार मानले. ते नको होते, तर का नको हे पंगतीला सांगायचंत."