बाभळीचा रंगीत काटा

जनावरं सायकलवरून कामाला जायची तेव्हाची गोष्ट. एका साळिंदराच्या शर्यतीच्या सायकलचा टायर रोज पंक्चर व्हायचा. शेवटी मुकादम लांडगा खेकसला, "उद्या उशीर झाला तर येऊच नकोस!"

साळिंदर तणतणत घोरपडमावशीच्या सायकलच्या दुकानात गेलं. "मावशी, त्या रस्त्यावरच्या मेल्या बाभळीनं जीव नकोसा केलाय. काटा आत शिरणार नाही असा जाड टायर द्या."

"जड असतो हो तो. वेग कमी होईल."

"होऊ दे. नोकरी तर राहील!"

मावशीनं जुन्या टायरातला काटा उपसून त्याच्या हातावर ठेवला. काटा चांगला वीतभर लांब होता, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा.

साळिंदरानं तो उलटसुलट करून पाहिला. "बघितलंत? मला फसवायला बाभळ आता काटे रंगवायला लागली!" असं म्हणत त्यानं संतापानं अंग फुलवलं.

मावशीनं गुपचूप दुकानातले सगळे टायर आत ओढले.