रंगाचा रकाना

सांगलीतल्या एका वधूवर सूचक मंडळात अध्यक्ष तात्यासाहेब बोलायचे आणि बाकीचे माना डोलवायचे. संगणक आला तेव्हा त्यांनी तो चालवणाऱ्या ओवीला फर्मावलं, "मुलींच्या टेबलात रंगाचा रकाना सक्तीचा कर. तो भरल्याशिवाय नोंद जतनच होता कामा नये. आणि मुलामुलींच्या जोड्या मशीननंच जुळवल्या पाहिजेत."

मेळाव्याच्या सकाळी कावेरी गुरव नाव नोंदवायला आली. ती जनावरांची डॉक्टर होती. रंग सांगायला तिनं साफ नकार दिला.

"मग घरी बसा," तात्या म्हणाले.

ओवी उठली. "तात्या, जोड्या जुळवायच्या तर तोच रकाना दोन्ही टेबलांत लागतो. मुलींकडे रंग आणि मुलांकडे काहीच नाही, तर मशीन जुळवणार कशाशी? म्हणून मुलांनाही मी तो सक्तीचा केलाय. पहिली नोंद तुमच्या मुलाची, श्रीरंगची. रंग काय लिहू?"

"नावातच आहे की!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळा हॉल हसला.

तात्या लालबुंद झाले. "पुरुषाला कुणी रंग विचारतं का? हा अपमान आहे!"

"अपमान आहे ना? मग मुलींना तो सक्तीचा कसा?"

तात्या ओरडले, "काढून टाक तो रकाना!"

"दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून!"

ओवीनं रकाना निवडला. पडद्यावर प्रश्न उमटला, कायमचा काढायचा का? तिनं माऊस तात्यांपुढे सरकवला.

"सक्ती तुमची होती, तात्या. आता 'होय'सुद्धा तुम्हीच म्हणा."