देवळाच्या अंगणातले कुरव

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात जिवाजी नावाचा एक तांडेल राहत असे. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. पाण्यावर त्याचा शब्द शेवटचा. हळूहळू तो जमिनीवरही तसाच चालू लागला होता.

गावाची एक जुनी रीत होती. वादळ थांबले तरी कुरव पक्षी परत येऊन बसेपर्यंत कोणी किनाऱ्यावर उतरायचे नाही. पाखरांना आभाळ कळते, असे म्हातारी माणसे सांगत. या रितीने जिवाजीला कधी फसवले नव्हते.

एका आश्विनात ऊन फार झाले. चुलीवरच्या हंड्यासारखा समुद्र तापला. दूर, खोल पाण्यावरून वाफ उठू लागली. ती वर गेली की तिच्या जागी चहूकडून वारा धावे, आणि धावता धावता गोल फिरे. जितकी वाफ मिळे तितका तो माजे. असा चार-सहा दिवस तो ऊन पाण्यावर पोसला आणि मग किनाऱ्याकडे चालत निघाला.

सकाळी दक्षिणेचा वारा सुटला. जिवाजीने दक्षिणेच्या टेकडीआड होड्या बांधल्या आणि सगळ्यांना वरच्या देवळात नेले. तिथे उडते कौल लागून त्याचा पाय कापला. दुपारपर्यंत माड मोडत राहिले. मग एकाएकी वारा पडला. पान हलेना. ढगातून ऊनही पडले, आणि देवळाच्या अंगणात शंभरभर कुरव उतरून बसले.

जिवाजीने खाली पाहिले. त्याची होडी एकाच दोरावर राहिली होती. बापाच्या हातची होडी ती. पाखरे आली, आता चला, असे त्याने खलाशांना सांगितले. त्याचा स्वतःचा पाय टेकत नव्हता, म्हणून धाकटा भाऊ आत्माराम पुढे झाला.

आत्मारामची बायको हौसा घाटावरची. थोरल्या दिरासमोर ती कधी बोलत नसे. पण त्या दिवशी एक कुरव उचलून ती जिवाजीपुढे आली. पाखराने पंखही फडकवला नाही. चोच उघडी टाकून ते धापा टाकत होते.

"भाऊजी, मोकळं पाखरू असं हातात येतं का? ही परत आलेली नाहीत. वाऱ्यानं कोंडून आणलीत."

जिवाजीला क्षणभर आत कुठेतरी खटकले. पण खाली लाटांनी दोर ताणला जात होता, आणि खलाशी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"तुझ्या माहेरी कोंबड्या असतील गो. समुद्राचं पाखरू आम्हाला नको शिकवू."

सगळे हसले. आत्मारामही हसला. येतो तोवर पेज टाक, असे बायकोला सांगून तो दोघा खलाशांबरोबर उतरला.

ते होडीपाशी पोचले तोच पाखरे अंगणाला चिकटून बसली. वारा पुन्हा आला, पण या वेळी उत्तरेकडून. त्या बाजूला आडोसा नव्हताच. वादळ संपले नव्हते, त्याचा मधला पोकळ भाग तेवढा गावावरून सरकला होता. समुद्र खाडीत शिरला. खलाशी कसेबसे माडाला धरून राहिले. होडी गेली, आणि तिच्या दोराला धरलेला आत्मारामही गेला.

जमिनीवर वादळाला ऊन पाणी मिळेना. घाट चढता चढता ते थकले, आणि पलीकडे पोचले तेव्हा नुसती रिपरिप उरली होती.

चौथ्या दिवशी हौसाचे वडील आले. त्यांना काही ठाऊक नव्हते. अंगणातच त्यांनी जिवाजीला सांगितले, की आमच्याकडे पाऊस बेताचा झाला, ज्वारीला छान ओल मिळाली. मग दारात बसलेल्या लेकीकडे त्यांचे लक्ष गेले. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या.

जिवाजी खाली बघत म्हणाला, "तिनं मला सांगितलं होतं."

पुढे कुरव येऊन बसले की गाव जिवाजीकडे बघे. तो हौसाला विचारा म्हणे. हौसा मात्र त्या दिवसापासून पाखरांकडे बघायची नाही.

तात्पर्य एवढेच: अनुभव कितीही जुना असला तरी समोरचे नीट बघून घ्यावे, आणि सांगणारे माणूस कोण आहे यापेक्षा ते काय सांगते आहे, ते आधी ऐकावे.