नांदुर्लीचे ताड आणि हिरूबायचा नेम

नांदुर्लीच्या खाडीच्या तोंडाशी पंधरा ताड ओळीनं उभे आहेत. गावात आलेला पाहुणा ते बघतो आणि हटकून विचारतो, "बी लावल्यापासून इतके व्हायला किती वर्षं लागतात?" बुधाजी तांडेल हे गावातले सर्वांत म्हातारे नावाडी. या प्रश्नानं त्यांचं डोकं उठतं. "ह्याच उतावळेपणानं एका बाईचा संसार मोडायची पाळी आली होती," असं म्हणून ते वाळूतच बैठक मारतात आणि सांगू लागतात.

पूर्वी म्हणे हा किनारा नुसता सपाट होता. समुद्रावरून परतणाऱ्या नावेला खाडीचं तोंड नेमकं कुठं ते कळायचं नाही आणि चुकलेली नाव शेजारच्या खडकावर फुटायची. हिरूबायचा थोरला मुलगा तसाच गेला. धाकटा नवशा त्याच पाण्यावर जात होता. तेव्हा तिनं गावदेवीपुढे नेम केला, की लांबून दिसेल अशी ताडांची रांग इथं उभी करीन. पिकल्या ताडफळांच्या बिया तिनं स्वतःच्या हातांनी वाळूत पुरल्या.

ताडाची बी मोठी हट्टी. तिचा कोंब आधी हातभर खाली जातो. वर वर्षभर काही म्हणजे काही दिसत नाही. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण ठाऊक असून गप्प बसेल ते गाव कसलं! येणारा-जाणारा काठीनं माती टोकरायचा. सगळ्यांत पुढं हिरूबायचा नवरा पोशा. तो रोज सकाळी एक बी उकरायचा, उकरताना कोंब मोडला तरी ती पुन्हा पुरायचा आणि घरी येऊन आनंदानं सांगायचा, "जित्ती हाय!"

"जित्ती होती, मेल्या! तू बगेपर्यंत होती!" हिरूबाय कपाळावर हात मारून घ्यायची. दोन वर्षांच्या बिया अशा मातीत गेल्या. तिनं शिव्या दिल्या, काटेरी कुंपण घातलं, नवऱ्याशी बोलणं टाकलं. पोशा पाय फाडून घेऊन आत जायचाच.

तिसऱ्या वर्षी तिनं सोळा बिया लावल्या. सहा महिन्यांनी वादळ झालं आणि नवशाची नाव दोन दिवस आली नाही. आली तेव्हा तिची एक बाजू खडकानं खरवडलेली होती. ते बघून हिरूबाय तरातरा कुंपणात शिरली आणि तिनं स्वतःच एक बी उकरली. कोंब चांगला पांढराशुभ्र, जिवंत होता. तिच्याच बोटांत तो मोडला. ती स्वतःवर इतकी चिडली, की तिला रडूही येईना. आता कुठल्या तोंडानं ती दुसऱ्याला बोलणार होती?

त्याच संध्याकाळी तिनं गाव जमवलं. "मी खाडीपल्याड माहेरी चालले. तिथनं ताडांचे शेंडे दिसले तरच परत येईन. कुणी माती उकरली, तर या जन्मात नाय." पोशाकडे बघून तिनं हे दोनदा सांगितलं.

असं सांगतात, की ती अठरा वर्षं पलीकडे राहिली. नवशा मासळी घेऊन भेटायला जायचा.

"किती झाले रे?"

"गुडघाभर."

"चार वर्सांमागं पण गुडघाभरच होते ना!" ती त्याच्या अंगावर खेकसायची, जणू तोच त्यांना खाली ओढून धरत होता. इकडे पोशा ताडांची राखण करायचा, पण त्यांच्याकडे पाठ करून बसायचा.

शेवटी एका संध्याकाळी तिला शेंडे दिसले. त्यांचा नेम धरून एक नाव न अडखळता खाडीत शिरत होती. ती नवशाची होती. दुसऱ्या दिवशी हिरूबाय नांदुर्लीला उतरली. पोशा म्हातारा झाला होता, तरी धावत आला. "चल, दाखवतो तुला. पंधराच्या पंधरा! एकाला हात लावला नाय."

"मी काय ताड बगायला आले?" हिरूबाय म्हणाली. "पोरगा घरी पोचतो ना? मग झालं. चल, भूक लागलीय."

आजही नांदुर्लीत बी पुरणाऱ्याला घरची माणसं हाताला धरून किनाऱ्यावरून घरी नेतात आणि मागं वळला तर पाठीत धपाटा घालतात. नाव किनाऱ्याला लागली, की बायका उतरणाऱ्या एकेकाचा चेहरा बघतात आणि घरी वळतात. ताडांकडे मान वर करून कुणीच बघत नाही.